त्रास देणाऱ्या माणसांशी ख्रिस्ती प्रीतीने आणि धीराने कसं वागायचं

प्रत्येकाच्या आयुष्यात असं एक तरी माणूस असतंच ज्याचं नाव फोनवर दिसलं की पोटात गोळा येतो. सगळ्यांसमोर टोमणे मारणारा ऑफिसमधला सिनियर, दर वेळी तेच जुनं उगाळत बसणारं घरातलं वडीलधारं माणूस, क्षुल्लक कारणावरून आवाज चढवणारा शेजारी, आणि हो, मंडळीतलीच एखादी व्यक्ती, जिच्या शेजारी बसून प्रार्थना म्हणताना आपलं अर्धं लक्ष तिने मागच्या आठवड्यात काय बोलून ठेवलं होतं त्यातच असतं. वैऱ्यांवरही प्रीती करा हे बायबलमधल्या मत्तयच्या पाचव्या अध्यायात इतकं सरळ लिहिलंय की त्यातून पळवाट निघत नाही, आणि बहुतेकांना ते मान्यही असतं. अडतं ते पुढे, सोमवारी सकाळी तो माणूस प्रत्यक्ष समोर उभा असतो तेव्हा नेमकं करायचं काय, तिथे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की प्रीती करायची म्हणजे ते माणूस आपल्याला आवडायला लागलं पाहिजे. लूकच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू जे सांगतो ती सगळी करायची कामं आहेत, जे द्वेष करतात त्यांचं बरं करा, शाप देतात त्यांना आशीर्वाद द्या, वाईट वागवतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा. मनात कसं वाटलं पाहिजे याची अट तिथे नाहीये. हे कळलं की खूप मोकळं वाटतं, कारण आवडणं आपल्या हातात नसतं पण वागणं बऱ्यापैकी असतं.

पहिली पायरी: नक्की काय खुपतं ते लिहा आणि वेगळं करा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि हीच लोक गाळतात. एक कागद घ्या (फोनच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल, फक्त दुसऱ्याच्या हाती लागेल असं ठेवू नका) आणि त्या माणसाबद्दल "तो स्वभावानेच वाईट आहे" असलं काही न लिहिता तो काय करतो ते लिहा. मी बोलत असताना मध्येच तोडतो. माझं काम स्वतःच्या नावावर दाखवतो. एकच गोष्ट चार वेळा सांगतो. पैसे घेऊन परत देत नाही. घरात वस्तू फेकतो. असं एकेक.

मग त्याचे तीन भाग करा. एक, नुसत्या सवयी आणि स्वभाव, म्हणजे मोठ्याने बोलणं, उशिरा येणं, न विचारता सल्ले देणं. दोन, खरी चूक किंवा अन्याय, म्हणजे खोटं बोलणं, पाठीमागे बदनामी, दुसऱ्याचं श्रेय लाटणं. तीन, छळ, म्हणजे मारहाण, धमक्या, सतत अपमान करून माणूस खचवणं, पैसे किंवा बाहेर जाणं अडवून ठेवणं, मुलांना धोका.

पहिल्या भागाला धीर लागतो, दुसऱ्याला बोलणं लागतं आणि तिसऱ्याला सुरक्षितता लागते. आपण काय करतो तर नेमकं उलटं. सवयींवरून रोज भांडतो, खऱ्या अन्यायाबद्दल "जाऊ दे, सहन करायचं" म्हणून गप्प बसतो, आणि छळ सोसणाऱ्याला तर सरळ "प्रार्थना कर, सगळं ठीक होईल" म्हणून घरी पाठवतो. प्रीतीच्या नावाखाली झालेला अर्धा गोंधळ इथलाच आहे असं मला मनापासून वाटतं.

दुसरी पायरी: आधी स्वतःकडे बघा, शरीराकडेसुद्धा

डोळ्यातलं कुसळ आणि मुसळ सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. लिहिलेल्या यादीतलं आपण स्वतः काय काय करतो ते एकदा बघून घ्या, बस.

पण शरीराचं फारसं कुणी सांगत नाही. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया इतका खचलाय की देवाकडे मरण मागतो, आणि देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला उठवून खायला देतो, तो परत झोपतो, परत उठवून खायला देतो, आणि बोलणं त्यानंतर, लांबचा प्रवास झाल्यावर होतं. आपण मात्र रात्रीची झोप झालेली नसताना, दिवसभर उपाशी असताना घरातल्या सगळ्यात अवघड माणसाशी सगळ्यात अवघड विषय काढतो आणि मग म्हणतो माझ्यात सहनशीलता नाही. गलतीकरांस पत्रात सहनशीलता हे आत्म्याचं फळ म्हटलंय हे खरंच, पण झोपेशिवाय चालवलेलं शरीर त्या फळाच्या आड येतं हेही तितकंच खरं. तेव्हा थकलेले असाल तर विषय काढू नका. "आत्ता नको, उद्या सकाळी बोलू" हे वाक्य पाठ करून ठेवा.

तिसरी पायरी: प्रार्थना, पण नाव घेऊन आणि खरी

"प्रभू, त्याला सुधार" ही प्रार्थना वाईट नाही, पण ती रोज केली तर ती तक्रार होऊन बसते आणि आपलं मन आणखी कडू होतं. दोन वेगळ्या प्रार्थना करून बघा.

पहिली, मन मोकळं करायची. स्तोत्र ५५ उघडा, त्यात दावीद राजा म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण हा तर माझा सोबती होता, आम्ही मिळून देवाच्या मंदिरात जायचो. इतकं उघड बोललेलं देवाला चालतं. तेव्हा राग आलाय तर राग आलाय असं सांगा, शुद्ध भाषेत सांगायची गरज नाही. देवाजवळ नीट रडलेलं आणि ओरडलेलं माणूस बाहेर कमी ओरडतं.

दुसरी, त्या माणसासाठी. इथे त्याच्या आयुष्यात डोकावून बघावं लागतं. त्याला कशाची भीती आहे, घरी काय चाललंय, तब्येत कशी आहे. मग प्रार्थना अशी काहीतरी होते: "प्रभू, तिच्या आईच्या आजारपणात तिला बळ दे. तिची नोकरी टिकू दे. रात्री तिला शांत झोप लागू दे. आणि आज ती मला काही बोलली तर माझी जीभ तुझ्या ताब्यात असू दे." एवढीच. रोज, त्याच वेळेला, मिनिटभर. माहिती नसेल तर जे स्वतःसाठी मागता तेच तिच्यासाठी मागा. गंमत म्हणजे माहिती नाही हे लक्षात आलं की आपण आपोआप विचारायला लागतो, "आई कशा आहेत तुझ्या?" आणि कितीतरी वेळा बोलणं तिथून बदलतं.

चौथी पायरी: सवयींसाठी, काय सोडून द्यायचं ते आधीच ठरवा

नीतिसूत्रे १९:११ म्हणतं की अपराधाची गय करणं माणसाला भूषण आहे. पण हे ऐन वेळी सुचत नाही, त्या क्षणी रक्त उसळलेलं असतं, म्हणून आधी ठरवावं लागतं. पहिल्या भागातली यादी बघा आणि यातल्या कुठल्या गोष्टींवर मी यापुढे काहीच बोलणार नाही ते ठरवून टाका, चेहऱ्यानेसुद्धा नाही. सुस्कारे, डोळे फिरवणं, दार जरा जास्त जोरात लावणं, हे सगळं बोलणंच असतं.

यात मला लिज्यूच्या संत तेरेझाचं उदाहरण फार जवळचं वाटतं. १८८८ मध्ये पंधराव्या वर्षी ती फ्रान्समधल्या कार्मेल या सिस्टर्सच्या मठात गेली आणि १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी वारली, म्हणजे मोठं झाल्यानंतरचं सगळं आयुष्य त्याच चार भिंतींत, त्याच मोजक्या सिस्टर्ससोबत. मूक प्रार्थनेच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक सिस्टर सारखा बारीक किटकिट आवाज करायची आणि तेरेझाला घाम फुटायचा इतका तो आवाज सहन व्हायचा नाही. मागे वळून एकदा बघितलं असतं तर आवाज थांबला असता, पण तिने तसं केलं नाही, तो आवाज संगीत असल्यासारखा लक्ष देऊन ऐकायचा प्रयत्न केला आणि तीच आपली प्रार्थना म्हणून देवाला दिली. कपडे धुताना समोरची सिस्टर तिच्या तोंडावर घाण पाणी उडवायची तेव्हाही तिने तोंड पुसून नाराजी दाखवायचं टाळलं. आणि एक सिस्टर तर तिला प्रत्येक बाबतीत नकोशी वाटायची, तिच्याशी ती इतकी चांगली वागली की एके दिवशी त्याच सिस्टरने विचारलं, माझ्यात तुला एवढं काय आवडतं, मला बघून नेहमी हसतेस ती?

ही उदाहरणं किती बारीक आहेत बघा. कुणी तिचा छळ करत नव्हतं. आवाज, पाणी, नकोसा स्वभाव, नुसता पहिला भाग. तिथेच धीर खरा कसाला लागतो.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष त्या क्षणी

याकोब म्हणतो ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला मंद. क्रम लक्षात घ्या, ऐकणं आधी. समजा मावशींचा फोन आलाय आणि सुरुवातच अशी:

"तुला कुठे वेळ असतो आमच्यासाठी! मेलो तरी कळायचं नाही तुला."

तोंडात आलेलं उत्तर असतं, "गेल्या आठवड्यातच तर केला होता फोन." हे खरं असतं आणि त्याचा काडीचा उपयोग नसतो, कारण त्यानंतर वीस मिनिटं फोन कधी केला होता यावरच जातात. त्याऐवजी एक श्वास घ्या, आवाज मुद्दाम एक पट्टी खाली आणा आणि म्हणा, "हो मावशी, एकटं वाटत असेल तुम्हाला. गुडघा कसा आहे आता? जिना चढताना दुखतो का अजून?" मावशी लगेच विरघळणार नाहीत, कदाचित म्हणतील "आता आठवण झाली का गुडघ्याची." तेव्हाही तेच, "सांगा ना, डॉक्टर काय म्हणाले?" दोन-तीन फेऱ्यांनंतर बहुतेक वेळा आवाज उतरतो, मृदू उत्तराने राग निवळतो हे नीतिसूत्राचं म्हणणं इथे कामी येताना दिसतं. आणि नाहीच उतरला तर, "मावशी, मला आता कामाला लागायला हवं, रविवारी दुपारी फोन करते" असं सांगून ठेवा आणि रविवारी खरंच करा. ठरलेला फोन न चुकता करणं ही मला फार मोठी प्रीती वाटते, त्याने समोरच्याची अर्धी असुरक्षितता जाते.

प्रत्येक वेळी उत्तर द्यायलाच हवं असं मुळीच नाही. ज्याला नुसता चमत्कार बघायचा होता त्या हेरोद राजासमोर येशू काहीच बोलला नाही, पण ज्या शिपायाने त्याला चापट मारली त्याला मात्र त्याने सरळ विचारलं, मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस (योहान १८:२३). शिवी नाही, आवाज नाही, पण प्रश्न रोखठोक. म्हणजे गप्प राहणं आणि बोलणं दोन्ही त्याने केलं. जो नुसती मजा बघायला बोलावतोय त्याला उत्तर नको, जिथे अन्याय समोर घडतोय तिथे शांत प्रश्न.

व्हॉट्सअ‍ॅपवर तर आणखी जपून. रात्री दहानंतर आलेल्या रागाच्या मेसेजला सकाळशिवाय उत्तर नाही हा नियमच करा, आणि ग्रुपवर कुणी काही बोललं तर उत्तर ग्रुपवर न देता त्या एका माणसाला फोन करा. वचन टाकून टोमणा मारणं तर अजिबात नको, देवाचं वचन त्यासाठी दिलेलं नाही.

सहावी पायरी: छोटं, खरं चांगलं काम

निर्गम २३ मध्ये एक सुंदर नियम आहे, तुझ्या शत्रूचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर ते त्याच्याकडे परत नेऊन दे, आणि तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर ते उठवायला त्याला मदत कर. मनातला राग गेल्यावर कर असं तिथे म्हटलेलं नाही. गाढव पडलंय, उचल. दोघं मिळून ते ओझं उचलताना शेजारी शेजारी उभे राहणार, दोर धरणार, एकमेकांना "तू तिकडून धर" म्हणणार, आणि भांडण चालू असूनही त्या दहा मिनिटांपुरते एका बाजूचे होणार.

आपल्याकडे काय, तर त्या सिनियरची फाईल सापडत नसेल तर शोधून द्या. त्याने खरंच चांगलं काम केलं असेल तर तो नसताना तसं सांगा. फुलं, गिफ्ट, लांबलचक कार्ड यांची गरज नाही, उलट अशा गोष्टींनी समोरचा संशयाने बघतो. आणि परतफेडीची वाट बघू नका, धन्यवाद आला नाही म्हणून कडवट होणार असाल तर आणखी छोटं काम निवडा.

सातवी पायरी: अन्याय असेल तर बोला, आधी एकट्याने

मत्तय १८:१५ स्पष्ट आहे, भावाने अपराध केला तर आधी तो आणि तू दोघंच असताना त्याला दाखव. आपण त्याच्याशी सोडून बाकी पाच जणांशी बोलतो आणि त्याला "शेअर करणं" म्हणतो. मार्ग विचारायला एका समजूतदार, तोंड न उघडणाऱ्या माणसाकडे जाणं वेगळं, तेवढं चालेल.

वेळ निवडणं हे अर्धं काम. १ शमुवेल २५ मधली अबीगईल मला यात फार हुशार वाटते. तिचा नवरा नाबाल अत्यंत उर्मट माणूस, त्याने दाविदाचा अपमान केला आणि दावीद चारशे माणसं घेऊन सूड घ्यायला निघाला. अबीगईलने गाढवांवर शिधा लादून दाविदाला वाटेतच गाठलं, सगळं घर वाचवलं, आणि घरी आली तर नाबाल पिऊन तर्र. ती त्या रात्री त्याला एक अक्षर बोलली नाही. सकाळी त्याची नशा उतरल्यावर सगळं सांगितलं. सांगितलं मात्र नक्की, झाकून ठेवलं नाही.

बोलताना एकच प्रसंग घ्या, त्याचा आपल्यावर काय परिणाम झाला ते सांगा आणि पुढे काय हवंय ते मागा. म्हणजे असं: "सर, दोन मिनिटं बोलू का? काल मीटिंगमध्ये रिपोर्ट तुम्ही एकट्याने केला असं सांगितलं गेलं. त्यातलं अर्धं काम माझं होतं, मला वाईट वाटलं. पुढच्या वेळी माझंही नाव घ्याल का?" "तुम्ही नेहमीच असं करता" हे वाक्य आलं की संपलं, तो मग "नेहमी कुठे" यावर वाद घालणार. इफिसकरांस पत्रात प्रीतीने सत्य बोला म्हटलंय, तर दोन्ही हवं, आणि माझं मत विचाराल तर चांगल्या ख्रिस्ती माणसांत आज कमी पडतं ते सत्यच, गोड बोलणं भरपूर आहे.

ऐकलं नाही तर वचन पुढची पायरी सांगतं, आणखी एक-दोन जणांना सोबत घे. मंडळीतला प्रश्न असेल तर पाळक किंवा मंडळीतले जबाबदार वडीलधारे, ऑफिस असेल तर वरचे साहेब किंवा एचआर, लेखी. यात प्रीती कमी होत नाही.

छळ असेल तर वेगळं

इथे मला अगदी स्पष्ट लिहायचंय. तिसऱ्या भागातलं काहीही तुमच्या यादीत असेल तर वरच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत, आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, गरज असेल तर पोलीस आणि वकील. यात अविश्वास वगैरे काही नाही. दिमिष्कात (दमास्कस शहरात) जीवावर उठलेल्या लोकांपासून वाचायला प्रेषित पौलाला टोपलीत बसवून भिंतीवरून खाली सोडलं होतं, आणि यरुशलेमेत फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपण रोमन नागरिक आहोत हे सांगून कायद्याचा आधार घेतला.

दाविदाचं बघा. राजा शौल तीन हजार माणसं घेऊन त्याला मारायला निघालेला, एन-गेदीच्या गुहेत शौल हाताशी आला असताना दाविदाने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला आणि त्याला जाऊ दिलं. शौल रडला, तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस म्हणाला. आणि मग शौल घरी गेला, दावीद मात्र त्याच्या माणसांसोबत गडावर गेला. शौलाच्या मागे महालात नाही गेला! सूड घेतला नाही आणि विश्वासही टाकला नाही. क्षमा आपण एकट्याने देऊ शकतो, विश्वास मात्र समोरच्याने वागून मिळवायचा असतो, आणि त्याला वेळ लागतो. कुणी तुम्हाला "क्षमा केली असशील तर परत जा" म्हणत असेल, मग तो कितीही मोठा पाळक असो, तर दुसरीकडे मदत मागा.

क्षमा, परत परत

येशूचा शिष्य पेत्र याने विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशूच्या उत्तरात एक दाखला आला. एका नोकरावर दहा हजार तालांतांचं कर्ज, ते माफ झालं, आणि त्याने बाहेर जाऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि एक तालांत साधारण सहा हजार दिनारांचा, म्हणजे पहिलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढं. दुसरंही खोटं नाही हं, शंभर दिवसांची मजुरी गरीब माणसाला खरंच लागते. येशू तुमचं दुखणं क्षुल्लक आहे असं म्हणत नाहीये.

व्यवहारात, जुनी आठवण वर आली की "हे मी माफ केलंय" असं देवासमोर परत म्हणा. राग परत आला म्हणजे क्षमा खोटी होती असं नाही, त्याच जखमेसाठी ती पुन्हा द्यावी लागते इतकंच. आणि आपला तोल गेला, वाट्टेल ते बोलून बसलो, तर आपल्या वाटणीची माफी लवकर मागा, त्याच दिवशी, "पण तूसुद्धा" न जोडता.

माणूस बदलला नाही तर

बऱ्याचदा बदलत नाही. रोमकरांस १२:१८ मध्ये सगळ्यांशी शांतीने राहा हे सांगताना "शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं" असं लिहिलंय, म्हणजे पौलालाही माहीत होतं की सगळं आपल्या हातात नसतं. प्रवासात मार्क या तरुण सोबत्याला न्यायचं की नाही यावरून त्याचं आणि सहकारी बर्णबाचं इतकं बिनसलं की दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. पुढे कित्येक वर्षांनी तोच पौल आपला शिष्य तीमथ्य याला लिहितो, मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधली वर्षं दूर राहण्यात गेली, तेही चाललं.

शेवटी एक वेगळी परिस्थिती, जिथे दूर जाताच येत नाही. घरातलं म्हातारं किंवा आजारी माणूस, जे सारखं चिडतं, तोच प्रश्न दहा वेळा विचारतं, चोरीचा आळ घेतं. इथे आधी डॉक्टरांना दाखवा, कारण स्मृतिभ्रंश, दुखणं, कमी ऐकू येणं, औषधांचे परिणाम यांनी स्वभाव बदलल्यासारखा वाटतो, आणि आजार आहे हे कळलं की वाद घालायचं कारणच उरत नाही. विसरलेल्या माणसाला "आत्ताच तर सांगितलं" म्हणू नका, परत सांगा. आणि हे एकट्याने करू नका. एकमेकांची ओझी वाहा हे वचन मंडळीलाच लिहिलेलं आहे, तेव्हा पाळकांना किंवा महिला मंडळाला नुसतं "प्रार्थना करा" न म्हणता दिवस आणि वेळ सांगून मागा, "बुधवारी चार ते सहा कुणी बाबांजवळ बसेल का, मला झोपायचंय." नाही म्हणाले तर दुसऱ्याला विचारा.